एक थेंब नाही

कुंडी पाण्याने भरून ठेवली होती. मिस्त्रींनी आतल्या बाजूला खडूने रेघ मारली होती, त्याला दोन तास होऊन गेले होते.

"बघ," ते बायकोला म्हणाले. "केसभर उतरलंय. तेवढं माती पिते. गळत मात्र एक थेंब नाही."

"नाही," ती म्हणाली आणि बाहेर आली.

दारात नर्सरीवाली हातगाडी लावून उभी होती. मागच्या महिन्यात मिस्त्रींकडून तडे सांधून नेलेल्या नऊ कुंड्या तिने परत आणल्या होत्या. एक उचलून तिने उलटी धरली. तडा इतका सफाईने सांधला होता, की बोटाला लागत नव्हता. तळाचं भोकही तितक्याच सफाईने बुजवलं होतं. सिमेंट भरून, वर पॉलिशपेपरने घासून.

"नऊच्या नऊ, काकू," ती हळू आवाजात म्हणाली. "रोपं पिवळी पडली तेव्हा कळलं. मुळं सगळी कुजलेली. मी दोनदा सांगितलं होतं हो त्यांना, काका, पाण्याला जायला वाट ठेवा. मान डोलावली."

"मी रोज सांगते. मलाही डोलावतात."

"चाळीस वर्षं लोकांच्या नळांची गळती थांबवली त्यांनी. हाताला तेवढंच माहीत. पण मला आता नाही जमणार कुंड्या द्यायला."

बायकोने मागे वळून पाहिलं. ते पाठमोरे बसून रेघेजवळ नाक नेऊन बघत होते.

"काम नसलं, की घरातले नळ खोलत बसतात," ती म्हणाली. "नाहीतर वाट फुटेल तिकडे चालू लागतात. परवा पोलिसांनी आणून सोडलं. कुंडी पुढ्यात असली, की जागचे हलत नाहीत." मग घाईने म्हणाली, "भोकं मी पाडून देत जाईन. त्यांना कळणारही नाही. तुम्ही फक्त कुंड्या पाठवा."

नर्सरीवाली घुटमळली. "एक पाडून दाखवता?"

बायकोने खिळा आणि हातोडी आणली. कुंडी पोत्यावर पालथी घातली. खिळा बरोबर मधोमध धरून हलकेच ठोकला. कपचा उडाला. दुसऱ्या ठोक्याला बूच हललं. तिसऱ्याला ते निघालं, आणि कुंडीची भिंत तीन ठिकाणी उभी फुटली. जुना सांधा शाबूत होता. माती गेली होती.

"राहू द्या, काकू," नर्सरीवाली म्हणाली. उरलेल्या आठ कुंड्या तिने भिंतीशी उतरवल्या, आणि रिकामी गाडी ढकलत निघून गेली.

आवाज ऐकून मिस्त्री बाहेर आले. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, मग बायकोच्या हाताकडे.

"अगं, नाही जमत तर कशाला हात लावतेस?" त्यांनी हातोडी काढून घेतली. आवाजात राग नव्हता. "वय झालं तुझं. विसरतेस हल्ली. मला हाक मारायची."

"हो," ती म्हणाली.

ते उकिडवे बसले. तळाचा गोल तुकडा तेवढा अखंड राहिला होता. तो उचलून त्यांनी फुंकर मारली, उजेडाकडे धरला आणि भोकाला डोळा लावला. पलीकडे बायको उभी होती.

"सापडलं," ते तिला म्हणाले. "इथून गळत होतं."