मोठे नियम

फाशावर एक पडला.

फासा काकूंनी टाकला होता. सोप्या नियमांत एक म्हणजे मरण. पुलाची दोरी तुटली, वाटाड्या दरीत पडला, विषय संपला.

चष्म्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि अडेल तिथे फाशाने कौल द्यायचा. गोष्ट सांगायचा चष्मेवाला. त्याची धाकटी बहीण बारकी गोष्टीतली वैदू होती. लिफ्टदुरुस्ती करणारा लांब्या तलवार चालवायचा. आणि वाटाड्या होता भिंगरीचा. भिंगरी म्हणजे त्यांचा मित्र. दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ.

गेल्या हिवाळ्यात भिंगरी मोटारसायकलवरून पडला, तो उठलाच नाही.

पुढे एका रविवारी त्याची आई त्याचं जाकीट न्यायला जिना चढून आली. काय बोलावं ते न सुचून बारकीने खुर्ची ओढली. "बसा ना काकू. त्याचा वाटाड्या आहे अजून. चालवता?" काकू बसल्या. तेव्हापासून त्यांचा एक रविवार चुकला नव्हता.

खेळाची मजा मात्र गेली होती. लांब्या शिव्या देईनासा झाला. कोणी कोणाची टर उडवीना. काकू मन लावून खेळायच्या, मध्येच बारकीच्या बाहीचं सुटलेलं बटण टाचून द्यायच्या. इथे त्या कधी रडल्या नाहीत.

"इथे आलं की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं रे," आजच जिन्यात लांब्या म्हणाला होता. "बंद करू या ना हे."

"मग तू सांग त्यांना."

"मी? दुकान तुझं, गोष्ट तुझी."

"त्यांना एवढाच तर आधार आहे. कुठल्या तोंडाने सांगू?"

आणि आता फाशावर एक होता.

"एक ना रे?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी शांत. "म्हणजे गेला?"

चष्मेवाला एकदम टेबलाखाली वाकला. लंगड्या पायाला टेकण दिलेलं जाडजूड नियमांचं पुस्तक त्याने ओढून काढलं. टेबल कलंडलं, फासा घरंगळला; बारकीने तो झेलला.

"नाही काकू. आजपासून मोठे नियम घ्यायचं ठरलंय. तुम्हाला सांगायचं राहिलं."

लांब्या त्याच्याकडे बघतच राहिला. किचकट म्हणून हे पुस्तक टेबलाखाली गाडलं होतं ते लांब्यानेच. "हो," तो घसा खाकरून म्हणाला, "मीच मागे लागलो होतो. सोप्यात काही राम नाही."

"पण फासा तर सोप्यात पडला."

"सोपे नियम खोटे असतात काकू," बारकी म्हणाली. "असं पटकन कुणी मरत नाही." बोलल्यावर तिने ओठ चावला.

काकूंनी तिघांकडे एकेकदा पाहिलं. लांब्या उगाच खिडकीचा कडीकोयंडा न्याहाळत होता. "असे मधेच बदलता येतात नियम?"

"कुणाची हरकत नसली तर."

काकूंनी बारकीच्या मुठीतल्या फाशाकडे पाहिलं. "माझी कसली हरकत, बाळा," त्या म्हणाल्या.

मग पानं उलटली. पडण्याची उंची किती, त्याचा एक फासा. खाली खडक की झुडपं, त्याचा एक. कुठलं हाड, रक्त किती, वैदू पोचायला किती वेळ. चष्मेवाला कोष्टकांतून बोट फिरवीत होता. पुस्तकात नव्हतं तेही वाचून दाखवत होता.

"तुझं निरूपण आवर, मला फासा टाकू दे," बारकी म्हणाली. तिने टाकला. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "श्वास आहे! काकू, श्वास आहे!"

"आणि पाय?"

"पाय मोडलाय. पडून राहावं लागेल. पुस्तकाप्रमाणे पुष्कळ रविवार."

"राहू दे पडून," काकू म्हणाल्या. "घाई कसली आहे?"

निघताना त्यांनी लांब्याच्या पाठीवरून हात फिरवला. "नीट जेवत जा रे. नुसता बांबू झालायस."

त्यांची पावलं जिन्यावर वाजेनाशी झाल्यावर लांब्या म्हणाला, "सुटलो होतो आपण."

"आपण सुटलो असतो," चष्मेवाला म्हणाला. "आणि ती माउली?"

तिघं खिडकीशी गेली.

खाली काका स्कूटर घेऊन उभे होते. त्यांनी हेल्मेट पुढे केलं. "आज तरी सांगितलंस का गं त्यांना?"

"सांगावंच लागणार नव्हतं. फाशावर एक आला होता. देवाला हात जोडले मनातल्या मनात. म्हटलं, सुटले. आता रविवारी घरी बसून पोटभर रडेन."

"मग?"

काकूंनी वर पाहिलं. तीन हात हलत होते. त्याही हसून हात हलवत राहिल्या.

"पोरांनी नियमच बदलले हो," त्या म्हणाल्या. "त्यांना सोडवत नाहीये अजून. पुढच्या रविवारीही आणून सोडा मला."