ग्रंथ कुठे उघडतो

हात धुऊन, टॉवेलला कोरडे पुसून पुस्तकं बांधणारा बाइंडर खुर्चीत बसला आणि त्याने घरचा धर्मग्रंथ मांडीवर घेतला.

"आता तूच काय ते सांग," तो ग्रंथाला म्हणाला.

समोर बायको कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

सकाळी धाकट्या लेकीचा फोन आला होता. त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून ती गेली, तेव्हा "हे दार तुला बंद" असं बाइंडरने जिन्यावरून ओरडून सांगितलं होतं, साऱ्या इमारतीला ऐकू जाईल असं. तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पण आज फोनवर तिचा आवाज ऐकला. त्याला ये म्हणवेना, येऊ नकोस म्हणवेना. शेवटी तीच म्हणाली, "दुपारी येते, बाबा. दार नाही उघडलं तर निमूट परत जाईन."

मन असं दुभंगलं की काय करायचं, ते त्याच्या वडिलांनी घालून दिलं होतं. डोळे मिटायचे, ग्रंथ उभा धरून सोडायचा, उघडेल त्या पानावर बोट टेकवायचं. ती ओळ मुकाट्याने पाळायची, हुज्जत घालायची नाही. खरं सांगायचं तर बाइंडर मनातून निर्धास्त होता. बापाची बाजू घेणारी पानं ग्रंथात काही थोडीथोडकी नव्हती.

त्याने डोळे मिटले आणि ग्रंथ सोडला. पानं दोन्हीकडे पडली. बोट टेकवून त्याने डोळे उघडले.

'दाराशी आलेल्याला आधी पाणी द्या. कुठे होता, ते मागाहून विचारा.'

बाइंडरने ती ओळ पुन्हा वाचली. एकदाच विचारायचं, हा नियम. पण तो मोडून त्याने ग्रंथ मिटला आणि पुन्हा सोडला. तेच पान. आणखी एकदा सोडला. तेच. देव प्रत्यक्ष समोर येऊन बोलतोय असं त्याला वाटलं.

मग सवयीने त्याचा अंगठा दोन पानांमधल्या खाचेत गेला आणि तिथेच थांबला. तिथली शिवण सैल झाली होती. त्याने ग्रंथ उलटा करून पाहिला. पाठीच्या कापडावर घडी पडली होती. हा ग्रंथ त्याने स्वतःच्या हाताने बांधला होता, घट्ट, पिढ्यानपिढ्या टिकावा असा. दुसऱ्या कुणी असं पुस्तक दुकानात आणलं असतं, तर बघताक्षणी त्याने सांगितलं असतं, की हे रोज इथेच उघडलं जातं.

"ग्रंथाला कोण हात लावतं?" त्याने विचारलं.

"मीच. धूळ पुसते ना."

"आणि हे पान?"

सुरी थांबली. "तेही मीच. रोज तुम्ही दुकानात गेलात की उघडते आणि वर वजनाला इस्त्री ठेवते. स्वयंपाक आटपेपर्यंत."

"कधीपासून?"

"धाकटी गेली तेव्हापासून."

बाइंडर तिच्याकडे बघतच राहिला. ही बाई पोरीसाठी त्याच्यासमोर एकदाही रडली नव्हती. आईचं काळीज इतकं कोरडं कसं, असं त्याच्या मनात कितीदा तरी येऊन गेलं होतं.

"देवाच्या पुस्तकात लबाडी केलीस?" त्याचा आवाज चिरकला.

"ओळ मी लिहिली नाही," ती म्हणाली. "ती होतीच तिथे. तुम्ही त्या पानावर कधी थांबला नाहीत, एवढंच." तिने चिरलेला कांदा ताटलीत लोटला. "आणि ही विद्या तुमचीच. रोज एकाच जागी वजन ठेवलं की कितीही जाडजूड पुस्तक असो, शेवटी तिथेच उघडतं, असं पोरींना तुम्हीच सांगायचात. म्हटलं, एक ना एक दिवस ग्रंथाला विचाराल. पुस्तकाची मला खात्री होती. तुमची नव्हती."

बेल वाजली.

बाहेर कुणीतरी हलकेच खाकरलं. ते खाकरणं बाइंडरने हजारांत ओळखलं असतं. लहानपणी खोडी करून आली की ती अशीच दाराबाहेर उभी राहायची.

तो उठला. ग्रंथ तसाच उघडा खुर्चीवर राहिला. दाराकडे न जाता तो स्वयंपाकघरात गेला आणि त्याने पेला काठोकाठ भरला. इतका की तो दोन्ही हातांनी धरावा लागला. तरीही पाणी हिंदकळून त्याच्या पायांवर, फरशीवर सांडत राहिलं.

दाराशी येऊन तो तसाच उभा राहिला. कडी काढायला हात मोकळा नव्हता.

बायकोने मागून हात घालून कडी काढली.