फुकटची मोटार

"फुकट?" गुणाजी पचकन थुंकला. "फुकट फक्त पिंडच गावता, सायबा. तो पण मेल्यार."

मुलुंड स्टेशनबाहेरच्या टांगास्टँडवर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसला दशरथ.

बस कंपनीच्या साहेबाने कपाळावरचा घाम टिपला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. स्वराज्य आलं, वस्ती वाढली, आता या रस्त्यावर बस धावणार. टांगेवाल्यांच्या पोटावर पाय नको, म्हणून कंपनी त्यांना कुर्ल्याच्या शेडमध्ये मोटार चालवायला आणि दुरुस्त करायला शिकवणार. फी नाही. पास होईल त्याला नोकरी.

"जागा थोड्या आहेत. लवकर ठरवा."

"घोड्याक जीव आसता," गुणाजी म्हणाला. "मोटारीच्या पोटाखाली लोळूचा काम माणसाचा न्हय, डुकराचा."

पुन्हा हशा. स्टँडवर गुणाजीचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. त्याची अख्खी हयात लगाम धरण्यात गेली होती. गावाहून नव्याने आलेल्या दशरथला पहिला टांगा त्यानेच मिळवून दिला होता.

संध्याकाळी भाकरी थापता थापता दशरथची बायको मालन म्हणाली, "तुम्ही नाव द्या. बस आल्यावर टांग्यात कोण बसणार?"

खरं तर दशरथच्याही मनात चुळबुळ होती. मोटारीचं चाक हातात घ्यायला कुणाला नको? पण दुपारचं ते हसणं अजून कानात होतं.

"तुला काय कळतं गं? गुणाजीभाऊ मूर्ख आणि तू शहाणी?"

"ते असतील शहाणे. पण आपली चूल ते पेटवणार आहेत का?"

दशरथने ताट सरकवलं आणि तो बाहेर जाऊन बसला.

स्टँडवरच्या चंद्रप्रकाशने मात्र नाव द्यायचं ठरवलं. तसं तो सकाळी भोळेपणाने बोलून गेला आणि त्याची वाट लागली. तो जवळ आला की गुणाजी नाक दाबायचा. "दूर रव रे. तेलाच्या वासान माझा घोडा बिथारता." उतारूंसमोर सगळे त्याला ग्रीसवाला म्हणून हाका मारू लागले. दशरथने तर एकदा त्याच्या घोड्यापुढची पाण्याची बादली उचलून गटारात ओतली. दुसऱ्या दिवसापासून चंद्रप्रकाश स्टँडवर दिसला नाही.

साहेब आणखी एकदा आला. या खेपेला गुणाजी बिडी ओढत गप्प बसला होता. म्हणून दशरथच पुढे झाला.

"आम्ही भिकारी नाही, साहेब. तुमची फुकटची मोटार तुमच्या बापाला शिकवा."

साहेबाने त्याच्याकडे नीट पाहिलं, त्याचं नाव विचारलं आणि तो निघून गेला. दशरथने विजयी मुद्रेने मागे वळून पाहिलं. गुणाजीने मान डोलावली. दशरथला वाटलं, आपण एका दिवसात हातभर उंच झालो.

गणपती उरकले आणि गुणाजीला गावाहून सांगावा आला. आई अंथरुणाला खिळली होती. निघताना त्याने आपला पांढरा घोडा दशरथच्या हाती दिला.

"तुझ्याशिवाय कोणाच्या भरवशार ठेवू?"

दशरथला भरून आलं. तो पांढऱ्याला आधी चारा घालायचा आणि उरेल तो आपल्या घोड्याला.

"आपल्या घोड्याच्या बरगड्या दिसायला लागल्यात," मालन म्हणाली.

"दिसू देत. शब्द दिलाय मी."

गुणाजीचा मुक्काम लांबत गेला. इकडे रस्त्यावर डांबर पडलं, कडेला बसच्या पाट्या लागल्या. एकेक टांगेवाला घोडा विकून दुसऱ्या धंद्याला लागला. जाणाऱ्या प्रत्येकाला दशरथने शिव्या घातल्या. स्टँडची अब्रू आता त्याच्या एकट्याच्या हातात होती. चंद्रप्रकाश कुर्ल्याला ग्रीसमध्ये लोळत असणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. बस सुरू होण्याची तारीख कळली तेव्हा तो मालनला म्हणाला, "पहिली गाडी तोच हाकणार, बघ. तिथेच त्याच्या तोंडावर थुंकतो."

"नका हो. पोलीस धरतील."

"धरू देत."

त्या सकाळी स्टेशनबाहेर माणसांची जत्रा लोटली होती. वळणावरून हार घातलेली लाल बस आली तसा दशरथने टांगा आडवा घातला. ब्रेक करकरले. बस त्याच्या घोड्यापासून हातभर अंतरावर थांबली. काचेवर ऊन पडलं होतं, आतलं काही दिसत नव्हतं.

"खाली उतर रे ग्रीसवाल्या!" दशरथ टांग्यात उभा राहून ओरडला. "तोंड दाखव तुझं!"

"मला बोलावलंस, दशरथ?"

आवाज बाजूच्या गर्दीतून आला होता. डोक्यावर भाजीची टोपली घेतलेला चंद्रप्रकाश त्याच्याकडे गोंधळून पाहत होता.

दशरथने बसकडे मान वळवली. ड्रायव्हरच्या खिडकीतून खाकी टोपीखालचं एक तोंड बाहेर आलं. गुणाजीचं.

"ए टांगेवाल्या," तो म्हणाला, "ते मरतुकडं घोडं बाजूला घे."