सतराशे बेचाळीसचं फूल

बाईंनी कापसाचा बोळा द्रावणात बुडवला आणि चिनी मातीच्या त्या वीतभर दासीच्या हातातल्या फुलावर दाबून धरला. तेवढ्यात साहेब आत आले, ते थेट टेबलापाशीच.

"वहिनी, हे काय चाललंय?"

संग्रहालयात ते सगळ्यांचे साहेब. फुटकं-तुटकं जोडणाऱ्या या बाईंचे मात्र सख्खे धाकटे दीर. कामावर दोघंही नातं दाराबाहेर ठेवून येत. आज साहेबांच्या तोंडून 'वहिनी' निघालं, म्हणजे त्यांचं धाबं दणाणलं होतं.

"फूल काढतेय, भाऊजी. मीच लावलं होतं, तुम्ही इथे यायच्या आधी. अंगठ्याचा टवका उडाला होता, तो झाकायला. खिडकीतल्या कुंडीतलं फूल बघून केलं. दुरुस्तीच्या वहीत लिहिलंय तसं."

साहेबांनी दुरुस्तीची वही कधी उघडलीच नव्हती. त्यांनी फूल पाहिलं, पाकळ्यांच्या घडणीवरून साल काढलं, सतराशे बेचाळीस, आणि त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. युरोपात चिनी माती बनवणं नुकतं कुठे जमू लागलं होतं, त्या काळातली ही एकाच बैठकीवरची जोडी: दासी मालकाला फूल देते आहे आणि मालक लाजून मागे झुकला आहे. वाचून बाई मनातल्या मनात हसल्या होत्या आणि गप्प बसल्या होत्या. त्या गप्प बसण्याची आज त्यांना शरम वाटत होती. सकाळीच पितळी पाटी तयार होऊन आली होती. 'नम्र दासी'.

"म्हणजे मी काढलेलं साल..."

"माझ्या फुलाचं आहे. तिचं नाही. झिलई बघा, सायीसारखी जाड. ती त्याहून जुनी आहे."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "उद्या अकराला पाटीच्या अनावरणाला पाहुणे येतायत. पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापून पडलीय. माझी अब्रू जाईल, वहिनी. राहू दे ना ते फूल. कुणाचं काय बिघडतंय?"

"तिचं."

बाईंनी बोळा उचलला. फूल अलगद सुटून त्यांच्या तळहातावर आलं. त्याखाली चार बोटं घट्ट मिटलेली होती आणि टवका उडालेला अंगठा त्यांच्यावर आवळलेला होता. दासीनं मूठ उगारली होती, अगदी मालकाच्या नाकासमोर.

साहेब बघतच राहिले. मग त्यांची नजर मालकाकडे वळली. लाजलेला माणूस असे डोळे फाडत नाही, हे बहुधा त्यांनाही दिसलं, कारण त्यांनी लगेच मान फिरवली.

"फूल परत लावा, बाई. नाहीतर या खोलीची किल्ली ठेवून जा."

या खोलीत बाईंचा जन्म गेला होता, आणि दुसरं काही त्यांना येतही नव्हतं. त्यांनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग साहेबांचा हात धरला, उघडला आणि फूल त्यावर ठेवलं.

"लावायचं तर तुमच्या हातानं लावा."

त्यांनी हात धुतले, पर्स उचलली. दारातून वळून पाहिलं, तर साहेब फूल हातात घेऊन त्या मुठीसमोर उभे होते.