मराठीत पहिली

लालबागच्या त्या महापालिका शाळेत, चौथीच्या वर्गात मराठी घरातली मुलं बोटावर मोजण्याइतकीच उरली होती. चाचणीनंतरच्या पालकसभेत कोयंडेबाई ठसक्यात म्हणाल्या, "बिहारहून आलेली काजल मराठीत पहिली, आणि आपली पोरं बघा!" त्या मोजक्या मराठी मुलांपैकी विघ्नेशचे पप्पा मान खाली घालून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी विघ्नेशला बाकाला पाठ टेकता येईना. पट्ट्याचे वळ मानेपर्यंत आले होते. शेजारी बसणाऱ्या काजलने ते पाहिले. बाईंनीही पाहिले आणि त्या फळ्याकडे वळल्या.

सहामाहीला काजलने मराठीचा पेपर कोराच दिला.

"सगळं येत असून लिहिलं नाहीस? माझं नाक कापलंस!" बाईंनी तिच्या कानाखाली सणसणीत वाजवली.

काजल रडली नाही. "मी पहिली आले की विघ्नेशचे पप्पा त्याला पट्ट्याने मारतात, बाई."

बाईंनी पुन्हा उगारलेला हात खाली घेतला. "अगं, पण हे तुझ्या घरी कळलं तर तुझे पप्पा तुला सोडतील का?"

"नाही सोडणार. पण ते नुसत्या हातानेच मारतात," काजल गाल चोळत म्हणाली. "तुमच्यासारखे."