माहेरचं लेकरू

महिनाभर पुण्यात खोली शोधत हिंडणाऱ्या रत्नपालच्या कानांवर आपल्याकडच्या बोलीचा एक शब्दही पडला नव्हता. चंद्रकलाबाईंनी दार उघडून विचारलं, "काहून उभे राहिले बाहेर? या की!" आणि ते अवघं अनोळखी शहर त्याला एकाएकी मऊ वाटलं.

"तुमी हिंगोलीकडच्या, मावशी?"

"साखरा माहेर माझं."

"मीबी साखऱ्याचाच!"

"अगं बाई, माहेरचं लेकरू! खोली तुलाच." त्यांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली, घरातल्या कपबशीत चहा ओतला. "घर कोणीकडं रे तुझं?"

"बुद्धविहाराच्या मागं."

त्यांनी भरलेली कपबशी हळूच आपल्याकडे ओढली.

"किल्ली तिथं खाली ठेवा," त्या म्हणाल्या, "अन् थांबा, चहा कागदी कपात देते."