सहा वाजताचा कळप

बजरंगनं बोटात स्टीलची नळी घातली आणि सर्वांत बारीक तारेवरून ती वर सरकवली. कोकरू ओरडलं. मग त्यानं गिटारचा दांडा थरथरवला, तशी त्याची आई बोलली. एका जागी तारेला नुसतं बोट टेकवून छेडलं की गळ्यातली घंटी वाजायची. जाड तारेवर नख खरवडलं की म्हातारा एडका खोकायचा. हा खोकला जमायलाच त्याला महिना लागला होता.

स्पीकरची पेटी मागच्या रिकाम्या मेंढवाड्यात होती आणि तो स्वतः खोलीत, दार लोटून. ओसरीत बाजेवर त्याचा बाप मुंजाजी बसला होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा.

"आली का रे समदी?"

"आली, आप्पा."

"चंदी कुठाय? चंदे!"

बजरंगनं तार वाकवली. चंदी बोलली. म्हातारा खूश झाला.

खरी चंदी पावसाळ्यातच मेली होती. मुंजाजी खुबा मोडून लेकीकडे गंगाखेडला पडून होता, त्याच महिन्यात रोग आला आणि बासष्ट मेंढरं दहा दिवसांत संपली. म्हाताऱ्याच्या काळजाला धक्का बसेल असं काही सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो घरी आला त्या संध्याकाळी ओसरीत बसून मेंढवाड्याकडे कान लावून राहिला. बजरंगला काही सुचेना. त्यानं माळ्यावरची गिटार काढली. आजचा दिवस निभावून नेऊ, उद्या सांगू, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्या उद्याला आता पाच महिने झाले होते.

ही गिटारही बापाच्या लेखी घरात नव्हतीच. "वाजवून पोट भरतं का? मेंढरं राख," म्हणत मुंजाजीनं एकदा तिच्या तारा तोडल्या होत्या. ती विकून टाकली, अशी थाप बजरंगनं तेव्हाच मारली होती.

गावाला सगळं माहीत होतं, पण कुणी तोंड उघडलं नाही. एकच अडचण होती. शेजारच्या किशनरावाची पिठाची गिरणी बरोबर सहाला सुरू व्हायची, व्होल्टेज पडायचं आणि कोकराचा घसा बसायचा. तीही आपोआप मिटली. मुंजाजीनंच किशनरावाला दटावलं, "सहाला गिरणी लावत जाऊ नको बाबा, मेंढरं बिचकायलीत." बजरंगला वाटलं, देव पावला.

परवा नांदेडहून आबासाहेबांचा फोन आला. त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. बजरंगनं पूर्णा गावातल्या एका लग्नात गिटारवर घोडा आणि वादळ काढलं होतं, त्याचा व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. "पूर्ण लग्नसराई माझ्यासंगं फिरायचं. परवा संध्याकाळी सातपर्यंत सांग, न्हाईतर दुसरा बघतो." एकतिसाव्या वर्षी असा फोन पुन्हा येत नसतो. बजरंगला त्या रात्री झोप लागली नाही.

काल त्यानं एक युक्ती करून पाहिली. अर्धा तास कळप मोबाइलमध्ये भरून घेतला आणि सहाला लावून दिला. शेजारचं कुणीही रोज बटण दाबू शकलं असतं. पण म्हाताऱ्यानं "चंदे!" म्हणून हाक मारली आणि मोबाइलमधून एडका खोकला. "चंदीला काय झालं रे?" मुंजाजीचा आवाज असा कापला, की बजरंगनं धावत जाऊन गिटार गळ्यात अडकवली.

आज सात वाजायला थोडाच वेळ होता. बजरंगनं गिटार खाली ठेवली आणि बापासमोर येऊन उभा राहिला.

"आप्पा, एक सांगायचं होतं."

"सांग की. पर ते कोकरू आज लय गोड बोलायलंय रे. जरा त्याला बघून ये आधी."

बजरंग आत गेला आणि त्यानं कोकरू आणखी दहा मिनिटं बोलतं ठेवलं. बोटं झोंबत होती. आपण आयुष्यभर याच खोलीत, याच खुर्चीवर मेंढरं ओरडवत बसणार, हे त्याला लख्ख दिसलं आणि रडू आलं.

सुटकेची एक वाट होती, तीही बंदच. गंगाखेडची त्याची बहीण दैवशाला ही बापाच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी सारखी मागे लागायची. "सुरीचं भ्या वाटतं," म्हणून म्हातारा दर वेळी उडवून लावायचा. त्याला दिसायला लागलं तर सगळंच उघडं पडणार होतं. म्हणून तो नाही म्हणाला की बजरंगला हायसं वाटायचं आणि मागोमाग स्वतःची लाज वाटायची. बाप आंधळा राहावा असं कुठल्या लेकाला वाटतं?

सातला पाच मिनिटं असताना तो मोबाइल घेऊन बाहेर पडला. बापाच्या कानावर जाऊ नये म्हणून पार सडकेपर्यंत गेला.

"न्हाई जमत, साहेब," तो म्हणाला. "घरी मेंढरं हायेत."

इकडे मुंजाजीच्या उशाखालचा बटणांचा फोन वाजला. लेक दैवशाला बोलत होती.

"आप्पा, सोमवारी गंगाखेडात डोळ्यांचं शिबिर हाय. तुमचं नाव घालू का?"

"नको, बाई."

"अजून सुरीलाच भ्यायलाव का तुमी?"

"सुरीला कोण भ्यायलंय?" मुंजाजीनं पोराची चाहूल घेतली आणि आवाज खाली केला. "मेंढरं असली की घराला वास असतो, पोरी. तुझ्याकडून आलो त्या दिवशी तो नव्हता, तवाच कळलं मला. पर बजरंग काय वाजवायलाय गं! जन्मभर म्या त्याला वाजवू दिलं न्हाई. आता मला दिसाया लागलं, तर माझ्या लेकराला ती गिटार परत माळ्यावर टाकावी लागंल."